कोलर उशिरा चमकला म्हणून बारावी सोडायची का?

पत्र थोडक्यात: कोल्हापूरहून एका आईने लिहिलंय. मुलगा १७ वर्षांचा, अकरावी सायन्स झाली, उंची ६ फूट ३ इंच. शाळेपासून गोलकीपर, गेल्या सीझनला तालमीच्या फुटबॉल टीमच्या कोचने फॉरवर्डला टाकला आणि गोल व्हायला लागले. आता यूट्यूबवर यान कोलर या चेक खेळाडूचे व्हिडिओ बघून म्हणतो, "तो पण आधी गोलकीपर होता, तो पण असाच उंच, तो पण उशिरा चमकला, मग मी का नाही?" बारावी सोडून फुल टाइम फुटबॉल करायचाय. त्यात ओळखीतल्या एकाने चेक रिपब्लिकच्या क्लबात ट्रायल मिळवून देतो म्हणून साडेतीन लाख मागितलेत, २० हजार ॲडव्हान्स देऊन झालाय आणि मुलाचे वडील बाकीच्यासाठी पतपेढीचं कर्ज काढायला निघालेत. शेवटी विचारलंय की त्याने गोलकीपिंग सोडावं का.

ताई,

आधी पोराच्या बाजूने बोलतो. त्याने माणूस बरोबर हेरलाय. बाकीची पोरं मेस्सी नाहीतर रोनाल्डो, ह्याने मात्र २०११ ला रिटायर झालेला एक ताडमाड चेक फॉरवर्ड शोधून काढला, म्हणजे आपल्या अंगकाठीला कोण लागू पडतो याचा विचार केलाय त्याने, आणि हे या वयात फार कमी पोरं करतात. आणि तो जे सांगतोय ते खोटंही नाहीये. कोलर पोरवयात गोलकीपरच होता, उंची २०२ सेंटीमीटर म्हणजे आपल्या भाषेत ६ फूट साडेसात इंच, आणि नाव झालं तेव्हा पंचविशी उलटली होती. फक्त काय होतं, व्हिडिओत गोल दिसतात, दोन गोलांच्या मधली वर्षं कोणी अपलोड करत नाही, आणि तुमचा सगळा प्रश्न त्या मधल्या वर्षांचाच आहे.

तर ती वर्षं बघू. जन्म १९७३ चा, प्रागचा, पण वाढला स्मेतानोवा ल्होता नावाच्या एका छोट्या गावात. तिथून मिलेव्स्कोच्या क्लबात. मिलेव्स्को हे काही फुटबॉलचं मोठं नाव नाही, व्हेंटिलेशनची मशिनरी बनवणाऱ्या कारखान्याचं गाव, क्लबच्या नावातच त्या कारखान्याचं नाव होतं, आणि टीम खालच्या डिव्हिजनची. म्हणजे तुमच्या पोराच्या वयाचा असताना कोलरला कोणी ओळखत नव्हतं हे खरं, पण तो घरी बसून ट्रायलच्या फोनची वाट बघत नव्हता, मिळेल त्या लेव्हलला मॅचेस खेळत होता.

१९९४ ला स्पार्ता प्रागने उचलला. वय २१. स्पार्ता म्हणजे तिथला सगळ्यात मोठा क्लब, इथे व्हिडिओ बनवणारा म्हणेल की झालं, सुटला पोरगा. प्रत्यक्षात दोन सीझनमध्ये लीगचे गोल किती? पाच. संपूर्ण टीम चॅम्पियन होतेय आणि हा बऱ्याच वेळा बेंचवर. हा आकडा पोराला मोठ्याने वाचून दाखवा, कारण बहुतेक पोरं इथेच सोडून देतात, किंवा सोडून देत नाहीत पण "मी स्पार्ताचा प्लेअर" या नावावर तिथेच बसून राहतात.

कोलरने काय केलं, तो १९९६ ला बेल्जियमच्या लोकेरेन या लहान क्लबात गेला. नाव खाली, पण मैदानात मिनिटं जास्त. तीन वर्षं तिथे घासली आणि १९९८-९९ च्या सीझनला २४ गोल मारून बेल्जियन लीगचा टॉप स्कोअरर झाला. त्याच सीझनमध्ये, फेब्रुवारी १९९९ ला, देशाकडून पहिली मॅच, तीही बेल्जियमविरुद्धच, आणि त्यात गोल. वय २६ ला आलं होतं. मग अँडरलेख्ट, तिथे लागोपाठ दोन लीग टायटल आणि २००० चा बेल्जियन गोल्डन शू, म्हणजे तिथल्या लीगमधल्या बेस्ट प्लेअरचा पुरस्कार. २००१ ला जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड, पहिल्याच सीझनला तिथली लीग बुंडेसलीगा जिंकली आणि मे २००२ ला युएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलला फेयेनूर्डविरुद्ध गोल मारला, ती फायनल मात्र ३-२ ने गेली. तोपर्यंत साहेब २९ वर्षांचे.

आता यातून मला जे दिसतं ते सांगतो. उशिरा चमकणं वेगळं आणि उशिरा सुरू करणं वेगळं, पोराने दोन्ही एकत्र केलंय. आणि दुसरी गोष्ट, जी वडिलांना सांगायची आहे, कोलरने एकही पायरी विकत घेतलेली नाही. मिलेव्स्कोहून स्पार्ता, स्पार्ताहून लोकेरेन, लोकेरेनहून अँडरलेख्ट, प्रत्येक वेळी पुढच्या क्लबने खेळ बघून बोलावलं आणि पैसे क्लबने मोजले, त्याच्या घरच्यांनी नाही. सगळ्या जगात हा धंदा असाच चालतो. क्लबला पोरगा हवा असेल तर क्लब खर्च करतो. जिथे पोराच्या बापाकडून साडेतीन लाख घेतले जातात तिथे पोरगा खेळाडू नसतो, गिऱ्हाईक असतो.

या चेक ट्रायलबद्दल अजून स्पष्ट लिहितो कारण मला याचीच जास्त काळजी वाटतेय. फिफाचा नियम आहे की १८ पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूचं दुसऱ्या देशातल्या क्लबात रजिस्ट्रेशन होत नाही. अपवाद आहेत, म्हणजे आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेलेत, किंवा युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ ची बदली, किंवा अगदी सीमेलगत राहणारी पोरं. यातलं काहीही तुमच्या घराला लागू नाही. तुमचा मुलगा १७ चा, म्हणजे समजा तिथे जाऊन त्याने ट्रायलमध्ये दहा गोल मारले तरी आज त्याला कोणी रजिस्टर करू शकत नाही. मग पैसे कशाचे? व्हिसा, विमान, एखाद्या खासगी मैदानावर चार दिवस प्रॅक्टिस आणि जर्सी घालून फोटो. असे फोटो लावलेली पोरं मी बघितलीत, पुढे काहीच झालेलं नसतं.

आणि तो माणूस स्वतःला एजंट म्हणवतो ना, तर एजंटचं लायसन्स फिफा परीक्षा घेऊन देते आणि लायसन्सवाल्यांची यादी फिफाच्या साइटवर कोणालाही बघता येते. त्याला पूर्ण नाव आणि लायसन्स नंबर विचारा. क्लबचं नाव विचारा, आणि क्लबच्या अधिकृत साइटवर दिलेल्या ईमेलवर पोरालाच दोन ओळी लिहायला लावा की अशी ट्रायल खरंच आहे का. या एका ईमेलने बरीच भानगड मिटते.

बारावीचं म्हणाल तर सोडायची नाही, एवढंच. सायन्स जड जात असेल तर आर्ट्स-कॉमर्सला जाऊ दे, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण बारावीचं सर्टिफिकेट हातात पाहिजे. कारण विचारलं तर सगळ्यात रोकडं कारण हे की महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीस स्पोर्ट्स कोट्यातून घेतात, आणि या सगळ्यांना खेळाबरोबर शिक्षणाची अटही असते. शिवाय आपल्याकडची प्रोफेशनल लीग किती भरवशाची ते २०२५ ला सगळ्यांनी बघितलं, राइट्सच्या करारावरून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सीझनच लटकला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. नॅशनल टीमची पोरं घरी बसून होती. त्यात बारावी नापास पोराचं काय होणार होतं.

लवकर चमकायचा रस्ता पण आहे, नाही असं नाही. कोलरचाच जोडीदार मिलान बारोश घ्या, बानिक ओस्ट्रावाच्या तालमीत वाढला आणि विशीतच लिव्हरपूलला गेला. युरो २००४ ला तो पाच गोल मारून टॉप स्कोअरर झाला, आणि त्यातले कित्येक चान्स कोलर उंच बॉलवर दोन-दोन डिफेंडर अडकवून ठेवायचा म्हणून मिळाले असं माझं मत आहे. पण बारोश लहानपणापासून मोठ्या क्लबच्या सिस्टिममध्ये होता. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून फॉरवर्ड खेळला, तोही लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलेला. तो दरवाजा तुमच्या पोरासाठी वयाने बंद झालाय. उरला कोलरवाला रस्ता, आणि तो हळू आहे, त्यात शिक्षणाला भरपूर वेळ मिळतो, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता गोलकीपिंग. हा तुमचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलाय पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. ग्लोव्हज अजिबात ठेवून द्यायचे नाहीत.

पोराला एक मॅच शोधायला सांगा, नोव्हेंबर २००२, म्युनिकला बायर्न विरुद्ध डॉर्टमुंड. कोलरने सुरुवातीला गोल मारून टीमला पुढे नेलेलं. मग बायर्नने दोन गोल फेडले, आणि वर डॉर्टमुंडचा गोलकीपर येन्स लेहमानला रेड कार्ड. सबस्टिट्यूट संपलेले. कोलरने कीपरची जर्सी चढवली, ग्लोव्हज घातले आणि उरलेला सगळा वेळ गोलमध्ये उभा राहिला. समोर बायर्न, त्यात बालाकचा शॉट अडवला, एकही गोल खाल्ला नाही. मॅच २-१ ने हरले, पण जर्मनीच्या किकर मासिकाने त्या आठवड्याच्या बेस्ट टीममध्ये कोलरला घेतलं, आणि कुठे, गोलकीपर म्हणून! स्ट्रायकर होऊन इतकी वर्षं झाली तरी हाताची सवय गेली नव्हती. आणि उलट बाजूने बघा, उंच बॉल कुठे पडणार, उडी कधी घ्यायची, गर्दीत अंग कसं घालायचं, हे कीपरला रोजच करावं लागतं, कोलर डोक्याने आणि छातीने बॉल घ्यायचा त्यात मला तरी तो जुना कीपर दिसतो.

पण भावनेचं सोडा, नोकरीचा हिशोब सांगतो. आपल्या क्लबांनी परदेशी खेळाडूंच्या जागा वर्षानुवर्षं जास्त करून फॉरवर्ड आणि मिडफिल्डला वापरल्यात, त्यामुळे भारतीय स्ट्रायकरला मिनिटंच मिळत नाहीत, ही बोंब जुनी आहे. गोलकीपर मात्र जवळजवळ सगळीकडे भारतीयच. आणि त्याला उंची लागते, जी तुमच्या पोराकडे आहे. गुरप्रीत सिंग संधू बघा, साडेसहा फुटाच्या आसपास, ईस्ट बंगालकडून खेळला आणि मग २०१४ ला नॉर्वेच्या स्ताबेक क्लबात गेला, पुढे युरोपा लीगच्या क्वालिफाइंग मॅचपर्यंत पोचला. युरोपचं स्वप्नच बघायचं असेल तर ते असं, इथे नाव कमावून, १८ नंतर, क्लबच्या करारावर. पोराला म्हणावं कोलरसारखं व्हायचंय ना, मग कोलरसारखं दोन्ही येऊ दे, आठवड्यातले दोन दिवस कीपिंग, बाकी फॉरवर्ड, आणि पुढच्या दोन वर्षांत कोण कशासाठी बोलावतंय ते बघू.

अजून एक, उंच पोरांचे गुडघे आणि मांडीचे मागचे स्नायू हा कायमचा त्रास असतो. कोलरचं २००५ ला गुडघ्याचं लिगामेंट गेलं, अनेक महिने बाहेर होता. २००६ च्या वर्ल्ड कपला परत आला, अमेरिकेविरुद्ध पाचव्या मिनिटाला हेडरने गोल, आणि त्याच मॅचमध्ये हाफ टाइमच्या आधी हॅमस्ट्रिंग धरून स्ट्रेचरवर. चेक टीम ती मॅच ३-० ने जिंकली, पुढच्या दोन्ही २-० ने हरून घरी. तुमचा मुलगा अजून वाढतोय, तर एखाद्या चांगल्या फिजिओकडून एकदा पूर्ण तपासून घ्या आणि वजनं कशी, किती उचलायची ते विचारा. जिममधल्या पोरांचं ऐकू नका. साडेतीन लाखांतले फार थोडे पैसे यात जातील आणि ते खरंच कामी येतील.

खेळायचं कुठे, तर आत्ता जिथे खेळतोय तिथेच. शाहू स्टेडियमवरची लीग, पेठांच्या टीम, ती गर्दी, हे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळतं सांगा. फक्त तालमीच्या कोचशी वडिलांनी जाऊन बोलावं की सीनियर टीममध्ये खऱ्या मॅचची मिनिटं किती मिळणार, आणि जिल्हा आणि राज्याच्या सिलेक्शनला नाव जाणार का. मॅचेस मोबाइलवर पूर्ण शूट करून ठेवा, नुसते गोल नकोत, क्लबवाले पूर्ण मॅच मागतात. बारावीनंतर पुण्या-मुंबईत कॉलेजला टाकता आलं तर उत्तम, तिथल्या लीगमध्ये क्लब बघायला येतात. आणि १८ झाला की एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स कोचिंग कोर्स करून टाकू दे, थोड्या दिवसांचा असतो, लहान पोरांना शिकवून चार पैसे सुटतात आणि खेळही जास्त कळतो.

कोलर देशाकडून ९१ मॅचेसमध्ये ५५ गोल मारून थांबला, चेक टीमचा आजवरचा रेकॉर्ड. शेवटची क्लब टीम कुठली, तर फ्रान्सच्या तिसऱ्या डिव्हिजनमधली कान. ३८ व्या वर्षापर्यंत खालच्या लीगमध्येही तो खेळत राहिला. पोराला हे आवडेल असं मला वाटतं, विचारून बघा.

आणि तो २० हजार ॲडव्हान्स. पावती, व्हॉट्सॲपचे चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट सगळं एका जागी ठेवा, काही डिलीट करू नका. लायसन्स नंबर मागा, नाही दिला तर पैसे परत हवेत असं व्हॉट्सॲपवर लेखी टाका, फोनवर बोलू नका. आठवडाभरात काही झालं नाही तर पोलीस स्टेशनला अर्ज द्या, ओळखीतला आहे म्हणून संकोच करू नका. पतपेढीच्या फॉर्मवर मुलाच्या वडिलांनी सही केली नसेल तर करायची नाही, आणि केली असेल तर पैसे उचलायच्या आधी जाऊन अर्ज मागे घ्या.