आधी तो पियानो काढ

सोलापूर,
वैशाखातली दुपार

पोरा,

तुझी फिल्म दोनदा बघितली. बंद गिरणीचं करवतीसारखं छप्पर, भिंत फोडून वर आलेला पिंपळ, धुळीत उतरलेला उजेड. नजर आहे तुला. पण पहिल्या फ्रेमपासून तो रडका पियानो कशाला?

तू ज्याला उदास उजेड म्हणतोस ना, तो कामाचा उजेड आहे. विणकामाच्या शेडच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवायचे. ऊन थेट आत येत नाही, दिवसभर एकसारखं दिसतं, तुटलेला धागा लपत नाही. माझे वडील त्याच उजेडात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. खडखडाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून साचेवाले एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. घरीसुद्धा वडील आईच्या तोंडाकडे टक लावूनच ऐकायचे. तिला वाटायचं, नवऱ्याचं किती लक्ष आहे!

आता आवाजाचं. कापूस, सूत, कापड आवाज पिऊन टाकतात. ते तिथून गेलं की उघड्या भिंती घुमायला लागतात. म्हणजे गिरणी रिकामी झालीय हे कानालाही कळतं, आणि तेच तू पियानोखाली गाडलंस. अमेरिकेत पॉलीन ऑलिव्हेरॉस ही संगीतकार आणि तिचे साथीदार १९८८ साली जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून वाजवत बसले. तिथे एक सूर विरायला तब्बल ४५ सेकंद लागायचे. टाकी हेच त्यांचं आणखी एक वाद्य. इतक्या लांब कशाला, विजापूरच्या गोलघुमटात तूही लहानपणी ओरडला असशीलच. शेडमध्ये एक टाळी वाजव, रेकॉर्डर चालू ठेव आणि ती विरेपर्यंत हलू नकोस. आत जाताना मात्र रखवालदाराला विचार. पत्रे सैल झालेत.

मृणाल सेन यांचा 'खंडहर' (१९८४) बघ. नसीरुद्दीन शाहचा फोटोग्राफर पडक्या वाड्यात जातो, शबाना आझमीचा फोटो काढतो आणि शहरात परततो. ती तिथेच राहते. फोटो छान आलेला असतो, हीच तर टोचणी.

मला दुसरीच टोचते. आयुष्यभर आवाज टिपले, पण गिरणीचा भोंगा कधी रेकॉर्ड केला नाही. रोजच वाजायचा, कोण करतंय!

रविवारी ये. आमच्या गल्लीत दोन म्हातारे साचेवाले आहेत. त्यांना तोंडाने भोंगा काढून दाखवायला सांगू. आधी हसतील. तेव्हा रेकॉर्डर बंद करू नकोस.

तुझा,
काका