एनबीएमध्ये तळाला गेलेला संघ ऑफसीझनमध्ये पुन्हा कसा उभा करतात? सगळे खेळाडू बदलावे लागतात का?

हा प्रश्न दिसला तेव्हा झोपायला निघालो होतो. आता लिहूनच झोपतो, कारण याच विषयावर माझं आणि माझ्या मेव्हण्याचं २००९ पासून वाजलेलं आहे.

मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे आणि डेट्रॉइट पिस्टन्स या एनबीएतल्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या) संघाचा चाहता आहे. हे शेवटचं मध्यंतरी ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नसे. २०२३-२४ मध्ये आमचा संघ पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकला आणि मग सलग २८ हरला. एका मोसमात सलग इतके सामने आधी कुणीच हरलेलं नव्हतं. शेवटी १४ विजय, ६८ पराभव. पुढच्या मोसमात याच संघाने ४४ सामने जिंकले. ८२ सामन्यांच्या मोसमात आदल्या वर्षीच्या तिप्पट विजय मिळवणारा हा पहिलाच संघ. म्हणजे मधल्या उन्हाळ्यात काय केलं, ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण त्याआधी २६ डिसेंबरची रात्र सांगतो, नाहीतर मला राहवणार नाही.

नाताळच्या सुट्टीत मेव्हणा सांगलीहून पोराबाळांसकट आला होता. तो तिकडे लहान मुलांना बास्केटबॉल शिकवतो. त्याला एनबीए प्रत्यक्ष बघायची होती आणि आमची तिकिटं त्या दिवसांत कुणीही देत होतं. आदल्या सामन्यात सलग २६ वा पराभव होऊन विक्रमाशी बरोबरी झाली होती. त्या रात्री ब्रुकलिनविरुद्ध हरलो असतो तर विक्रम आमच्या एकट्याच्या नावावर. मी त्याला गाडीत म्हटलंसुद्धा, "पाहुणा म्हणून आलायस, नशीब घेऊन आला असशील तर काढ बाहेर."

हरलो, ११८-११२. आमच्या केड कनिंगहॅमने ४१ गुण केले, त्यांतले ३७ दुसऱ्या अर्ध्यात. एक पोरगा एकटा नांगर ओढतोय आणि बाकीचे बांधावर उभे, असं ते दृश्य होतं. तो आत घुसला की समोरचे तीन-तीन जण बोर्डाखाली गोळा व्हायचे. का नाही होणार? बाहेर मोकळे उभे असलेल्यांच्या हातून शॉट जाणार नाही हे सगळ्या लीगला पाठ होतं. शेवटी प्रेक्षक मालकाच्या नावाने ओरडायला लागले, संघ विकून टाक म्हणून. मी मेव्हण्याला कोपराने ढोसलं. "काय रे, हा झोन ओळखीचा वाटतो का?" तो पॉपकॉर्न खात राहिला. त्याला नेमकं कळलं होतं मी काय म्हणतोय ते.

ती गोष्ट अशी. २००९ मध्ये मी २९ वर्षांचा होतो, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करत होतो आणि संध्याकाळी सांगलीतल्या एका क्लबकडून खेळायचो. क्लबचं नाव सांगत नाही, माणसं अजून ओळखीची आहेत. मी धावायला मंद, उडी म्हणावी तर पेपर सरकवता येईल एवढी. पण कोपऱ्यातून शॉट जायचा. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूची रिंग किंचित वाकलेली, तरी जायचा. आदल्या वर्षी संघ खूप हरला म्हणून ऑफसीझनमध्ये (आमचा ऑफसीझन म्हणजे पावसाळा, कोर्टवर शेवाळ चढायचं) ठरलं की संघ 'नव्याने बांधायचा'. कर्णधार कोण? २३ वर्षांचा मेव्हणा. माझं त्याच्या बहिणीशी लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेले. त्याने पंचविशीवरचे सगळे काढले. मला घरी येऊन सांगितलं, चहाचा कप हातात घेऊन: "दाजी, मनाला लावून घेऊ नका, पण आता पळणारी पोरं पाहिजेत. तुम्ही स्कोअररच्या टेबलवर बसा ना, तुमचं अक्षर चांगलं आहे."

बसलो. नवीन लग्न, सासुरवाडी पाच मिनिटांवर, करतो काय? मिरजेच्या स्पर्धेत पोरं हरणासारखी पळाली. पहिली पाच मिनिटं पुढे होती. मग समोरच्या संघाने झोन लावला, म्हणजे सगळे बोर्डाखाली जाऊन उभे राहिले आणि आमच्या पोरांना मोकळं सोडलं. मारा म्हणाले. २९ गुणांनी हरलो. घरी कुणी तो विषय काढला नाही. सासूबाईंनी त्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी केली होती, ती मात्र मी खाल्ली.

तर २६ डिसेंबरला परत येताना आय-७५ महामार्गावर पुन्हा तोच वाद. मेव्हण्याचं म्हणणं, "दाजी, हरायचंच तर नीट हरा. सगळे विकून टाका, तळाला जा, ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरचा पोरगा उचला." (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. हरणाऱ्या संघांना आधीची पाळी मिळते, पण नेमकी कितवी ते लॉटरीने ठरतं.) हा सल्ला बऱ्याच लोकांना फार शहाणपणाचा वाटतो. मी गाडी चालवत होतो म्हणून हात वर करून बोलता आलं नाही एवढंच.

आधीच्या, म्हणजे २०२२-२३ च्या मोसमात पिस्टन्स १७-६५ होते, लीगमध्ये सगळ्यांत खाली. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सगळ्यांत गाजलेला पोरगा वेम्बान्यामा मिळेल म्हणून सगळं शहर देव पाण्यात घालून बसलं होतं. लॉटरीत पाचवा नंबर आला, वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला. २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा सगळ्यांत खाली, पुन्हा पाचवा नंबर. २०१९ पासूनच्या तेव्हाच्या नियमाने तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची सारखीच, १४ टक्के संधी होती आणि शेवटच्या संघाचा पाचव्यावर घसरण्याचा धोका जवळजवळ ४८ टक्के. त्या दिवशी सांगलीत किती वाजलेत हे न बघता मी फोन लावला. "नीट हरलो रे. दोनदा. पुढे काय करू?"

आता पुढे काय केलं ते. माझ्या मते यातला क्रम महत्त्वाचा.

आधी वरची माणसं बदलली. बास्केटबॉलचा कारभार बघणारे ट्रॉय वीव्हर गेले, न्यू ऑर्लिन्सहून ट्रेजन लँग्डन आले. लँग्डन स्वतः शूटर. अलास्कात वाढलेला, ड्यूक विद्यापीठात खेळलेला आणि पुढे मॉस्कोच्या सीएसकेए क्लबबरोबर २००६ आणि २००८ ची युरोलीग (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) जिंकलेला माणूस. बाहेरून शॉट गेला नाही तर काय होतं हे त्याला वेगळं समजवावं लागत नव्हतं. मग प्रशिक्षक. मॉन्टी विल्यम्स यांचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८५ लाख डॉलरचा, आणि झालेलं जेमतेम एक वर्ष. तरी काढलं. उरलेले पैसे देऊन काढलं. मालकाला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो, पण एवढा घास गिळायला छाती लागते. जेडन आयव्हीसारख्या पोराला बेंचवर बसवून किलियन हेसला सुरुवातीला उतरवणं आम्ही महिनोन्महिने बघितलं होतं, त्यामुळे इकडे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांच्या जागी जे. बी. बिकरस्टाफ. क्लीव्हलँडने त्यांना ४८ सामने जिंकल्यावर आणि प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत गेल्यावर काढलं होतं. जोडीला शॉट सुधारण्यासाठी नाव असलेले फ्रेड व्हिन्सन न्यू ऑर्लिन्सहून आणले. ही बातमी पेपरात दोन ओळींची होती. माझ्या लेखी त्या उन्हाळ्यातली ही सगळ्यांत मोठी.

खेळाडू त्यानंतर. लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेल्या मर्यादेखाली भरपूर जागा मोकळी होती. अशा वेळी एखादं मोठं नाव आणून फलक लावायचा मोह होतो. आम्ही तो आधी भोगलाय. २०१३ मध्ये जॉश स्मिथला चार वर्षांसाठी ५ कोटी ४० लाख डॉलर देऊन आणलं आणि मन्रो, ड्रमंड या दोन उंच खेळाडूंबरोबर खेळवलं. तिघांतल्या एकाचाही बाहेरून शॉट नाही. दीड वर्षात त्याला सोडलं आणि त्याचे पैसे २०२० पर्यंत फेडत बसलो. लँग्डनने ते केलं नाही. तीन बाप्ये आणले, बस्स. टोबायस हॅरिस, दोन वर्षं, ५ कोटी २० लाख. टिम हार्डवे ज्युनियर डॅलसकडून ट्रेडमध्ये (अदलाबदलीत), वर ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचे तीन पिक्स (निवडीचे हक्क), आपण फक्त क्वेंटिन ग्राइम्स दिला. (हार्डवे इथल्याच ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात खेळलेला, त्यामुळे म्हातारी मंडळी खूश.) आणि मलिक बीझली, एक वर्ष, फक्त ६० लाख डॉलर.

हॅरिसवर लोक किती हसले! फिलाडेल्फियाकडून त्याच वसंतात न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याने शून्य गुण केले होते. शून्य. मेव्हण्याने मला त्याचा स्कोअर स्क्रीनशॉट काढून पाठवला, खाली लिहिलं, "दाजी, तुमचा भाऊ." मी उत्तर दिलं नाही. बीझलीने २०२४-२५ च्या मोसमात तीन गुणांचे ३१९ शॉट रिंगमध्ये घातले, बहुतेक सामन्यांत बेंचवरून उठून. संपूर्ण लीगमध्ये त्याच्यापुढे फक्त अँथनी एडवर्ड्स होता, ३२०. तेव्हा मी स्क्रीनशॉट पाठवला.

या तिघांमुळे केडला श्वास घ्यायला जागा मिळाली. केडची पहिल्यांदा ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली, मोसमअखेर तो ऑल-एनबीएच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, तिसऱ्या संघात आला. संघ पूर्व विभागात सहावा. प्लेऑफमध्ये निक्सविरुद्ध दुसरा सामना न्यूयॉर्कमध्ये जाऊन १००-९४ जिंकला. २००८ नंतरचा पिस्टन्सचा पहिला प्लेऑफ विजय, मध्ये सलग १५ पराभव. मालिका ४-२ अशी गेली, शेवटचा सामना निक्सच्या ब्रन्सनने शेवटच्या पाच सेकंदांत घातलेल्या तीन गुणांच्या शॉटमुळे ११६-११३ असा. त्यावर आत्ता लिहीत नाही, अजून दुखतं.

तर तुमचं, सगळे बदलावे लागतात का? सामना सुरू करणाऱ्या पाचांत केड, ऑसार थॉम्प्सन आणि जेलन ड्यूरेन आदल्या वर्षीचेच होते. नवीन फक्त हॅरिस आणि हार्डवे. पोरं तीच, शेजारी जाणती माणसं आली. २९ वर्षांच्या माणसाला स्कोअररच्या टेबलवर बसवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता थोडं सांभाळून. केड आधीच घरात होता म्हणून हे जमलं. तो २०२१ मध्ये पहिल्या नंबरवर आला, आणि तो नंबर आम्हाला मिळाला तो २०-५२ असा मोसम हरूनच. मेव्हण्याने हे मला लगेच ऐकवलं, "केड काय कुपवाडच्या एमआयडीसीतून आला का दाजी?" याला माझ्याकडे उत्तर नाही. दोनदा पाचव्या नंबरवर घसरून मिळालेले थॉम्प्सन आणि रॉन हॉलंडही वाईट निघाले नाहीत, तेही कबूल. शिवाय पोरं वर्षभराने मोठी झाली, हे कुठल्याही व्यवस्थापकाच्या खात्यात टाकता येत नाही. आयव्हीचा शॉट तर इतका सुधारला होता, आणि १ जानेवारीला त्याचा पाय मोडला. आणि जाणते म्हणून कुणालाही आणून चालत नाही, जॉश स्मिथही कोवळा नव्हता. तुमच्याकडे केडसारखा कुणी नसेल तर माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही, मेव्हण्याला विचारा. तो अजून सांगलीतच आहे आणि या साइटवरही आहे.

तो हे वाचेलच, म्हणून त्याच्यासाठी: मिरजेच्या त्या सामन्याचा स्कोअरशीट माझ्याकडे आहे. ट्रॉयला येताना सामानात आणला होता. कोपऱ्यातून आपण १७ शॉट मारले, गेले २. अक्षर चांगलं आहे, स्पष्ट वाचता येतं.