केस लावण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल वाचला आणि एमआरआयही नीट पाहिला. चौतिशीतला माणूस, लहान मेंदूत पाण्याची मोठी पिशवी, तिच्या भिंतीला चिकटलेला वाटाण्याएवढा गोळा. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये गाठ उजळवणारं औषध) दिल्यावर तेवढा गोळाच लख्ख उजळतोय, पिशवीची भिंत नाही. हिमॅन्जिओब्लास्टोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, हे तुझं निदान मला पटतं. मेंदूच्या शंभर गाठींत ही जेमतेम दोन, तरी ती तुला सुचली याचं कौतुक. आपल्याकडे या जागी काही दिसलं की आधी टीबीची गाठ नाहीतर कुठून तरी पसरलेला कॅन्सर हेच मनात येतं, आणि बहुतेकदा ते बरोबरही निघतं.

ऑपरेशनची केस कधी लावू, असं विचारलंयस. मेटानेफ्रिनचा रिपोर्ट हातात आल्यावर. मधे पेशंट गुंगायला लागला तर मात्र रिपोर्टसाठी थांबू नकोस, रात्री कितीही वाजता फोन कर.

आता कारण सांगतो. ही गाठ बहुतेकांत एकटीच येते, पण साधारण चौघांतल्या एकात ती फॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराचा भाग असते. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन हिपेल यांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींचं वर्णन केलं होतं. लहान मेंदूतल्या या पिशव्यांशी त्या गाठींचं नातं 1926 मध्ये स्वीडनच्या अर्विद लिंडाऊ यांनी जोडलं. तिसऱ्या गुणसूत्रावरचं त्यामागचं जनुक सापडलं ते 1993 मध्ये. या आजारात किडनीत आणि स्वादुपिंडात गाठी होतात, आणि किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे बीपी वाढवणारी रसायनं सोडणारा ट्यूमर; मेटानेफ्रिनची तपासणी त्याच्यासाठीच. तो आहे हे माहीत नसताना भूल दिली, तर टेबलावर बीपी असं उसळतं की आपलं सगळं कौशल्य बाजूला राहतं. तो निघालाच तर औषधांत आधी अल्फा ब्लॉकर, मग गरज पडली तर बीटा. हा क्रम उलटा करायचा नाही. भूलतज्ज्ञांना आजच फोन कर. प्री-ऑपच्या सकाळी सांगून उपयोग नाही.

सीबीसी, रक्ताचा रिपोर्ट, मी परत पाहिला. हिमोग्लोबिन 18.6. त्यापुढे लॅबने एच (हाय, म्हणजे जास्त) छापलाय आणि कुणीतरी पेनने 'स्मोकर' लिहून विषय मिटवलाय. ही गाठ एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी वाढवणारं संप्रेरक, बनवू शकते, त्यामुळे रक्त दाट होतं. तो आकडा तुझ्या निदानाच्या बाजूचा साक्षीदार आहे, त्याला असं घालवू नकोस.

हिस्ट्रीतलं 'पित्ताचा त्रास' तू एका ओळीत उरकलंस. उलटी झाली की पित्ताचं डोकं उतरतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. कवटीतला दाब वाढल्यावरही सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकतं, उलटी होते आणि मग जरा बरं वाटतं. पेशंटही फसतो, फॅमिली डॉक्टरही. अशा माणसाला एका रेषेत, टाचेला अंगठा लावत चालायला सांगायचं, आणि डोळ्याचा पडदा बघायचा. तू 'आय रेफरन्स पाठवला' असं लिहिलंयस. पाठवच, कडेचे बारीक लाल ठिपके तेच नीट शोधतील. पण डिस्क (डोळ्याच्या नसेचं पडद्यावरचं टोक) सुजलीय का हे आधी स्वतः बघ. आणि त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, की वेळ केसपेपरवर ठळक लिहून ठेव. नाहीतर रात्रीचा रेसिडेंट मोठी बाहुली बघून, मेंदूवर दाब आला असं समजून पळत सुटेल.

मणक्याचा पूर्ण एमआरआय आणि पोटाचं स्कॅन सांगच. पण मला सगळ्यात जास्त भरवसा घरच्यांशी शांतपणे बसून बोलण्याचा वाटतो. 'कुणाला ब्रेन ट्यूमर होता का' असं विचारलंस तर 'नाही' म्हणतील. तरुणपणी कुणाची नजर गेली का, कुणाची किडनी काढली का, कुणी 'बीपी वाढून' अचानक गेलं का, असं विचार. आत्याला, मामाला फोन लावायला सांग.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, मी टेबलावर असेनच. आधी पिशवीतलं पाणी थोडं सोडू, लहान मेंदू सैल पडला की काम सोपं होतं. मग तो नारिंगी-लाल गोळा दिसेल. त्याचा तुकडा घ्यायचा मोह होईल, घ्यायचा नाही. सुईची बायोप्सी तर नाहीच. या गाठीत शिरलं की रक्त थांबत नाही. बाहेरून, कडेच्या पिवळट थरातून फिरत जायचं, बायपोलर (रक्तवाहिन्या जाळून बंद करायचा चिमटा) कमी करंटवर, सतत पाणी सोडत. आधी आत येणाऱ्या धमन्या बंद, बाहेर जाणारी शीर सगळ्यात शेवटी. शीर आधी गेली तर गाठ फुगते आणि फुटते. पिशवीची भिंत उजळत नाहीये, म्हणजे ती गाठीची नाही; तशीच सोडायची. गोळा पूर्ण निघाला की पिशवी आपोआप आटते.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर नुसतं 'पोस्टेरियर फोसा ट्यूमर', म्हणजे कवटीच्या मागच्या भागातली गाठ, एवढंच लिहू नकोस. या गाठीच्या पेशी किडनीच्या कॅन्सरसारख्याच स्वच्छ, पोकळ दिसतात, आणि या आजारात दोन्ही एकाच माणसात असू शकतात. तुझा संशय, किडनीच्या स्कॅनचा निकाल, दोन्ही लिही आणि दोघांत फरक करायला मदत करणारा इन्हिबिनचा स्टेन मागून घे.

घरचे 'कॅन्सर आहे का' विचारतील. नाही म्हण, ही ग्रेड 1 ची गाठ आहे. पण आनुवंशिक निघाली तर पुढे नव्या गाठी येऊ शकतात, हेही त्याच बैठकीत सांग. येईल ती प्रत्येक गाठ काढायची नसते. वाढणारी, त्रास देणारी तेवढीच. 2021 पासून अमेरिकेत या आनुवंशिक आजारासाठी बेल्झुटिफान या गोळीला मान्यता आहे, तिचं नाव ते इंटरनेटवर वाचून येतीलच. ती आत्ता या पिशवीवरचा इलाज नाही, एवढं स्पष्ट बोल.

त्याला दोन मुलं आहेत असं लिहिलंयस. वयं लिहिली नाहीस, ती कळव. जनुकाची तपासणी आधी त्याची. त्यात दोष सापडला तरच मुलांची. प्रत्येकाला निम्मी शक्यता असते, आणि डोळे तर अगदी लहान वयापासून तपासावे लागतात.

तुझे,
सर