तीन पत्ती येते म्हणून पोकरला बसणार असाल, तर आधी कलर आणि सिक्वेन्सची जागा बदला

भावा, तू लिहिलंयस की दिवाळीत घरी तीन पत्ती खेळून हात बसलाय, आता पोकर शिकायचाय; तो आला कुठून आणि सुरुवात कशी करू. वाचलं आणि १२ वर्षांपूर्वीचा मी आठवलो. मीही हेच म्हणत होतो, 'तीन पत्ती येते, मग राहिलं काय?'

दोन पत्ते हातात, पाच मधे उघडे, सातांतून चांगले पाच निवडायचे, हे तुला ठाऊक असेलच. त्यात शिरत नाही. माझं नुकसान जिथं झालं तेवढंच सांगतो.

आम्ही चौघं कोल्हापुरातून आंबोली उतरून गोव्याला गेलो होतो. तिथल्या एका कॅसिनोत टेबलावर बसलो. माझ्या हातात किलवर नव्वी आणि चौकट अठ्ठी. मधे उघडले बदाम सत्ती, बदाम दश्शी, इस्पिक गुलाम. सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच, म्हणजे सिक्वेन्स! चौथा पत्ता बदाम दुर्री, पाचवा चौकट राजा. समोरच्यानं जोरात पैसे लावले. मधे तीन बदाम मला दिसत होते, त्याचा कलर, म्हणजे पाचही पत्ते एकाच चिन्हाचे, असणार हेही कळत होतं, आणि त्याचाच मला आनंद झाला. घरी आयुष्यभर सिक्वेन्सनं कलर मारलाय. सगळं पुढं सरकवलं. त्यानं बदामाची तिर्री-पंजी टाकली, मी माझे पत्ते टाकले आणि चिप्स ओढायला हात पुढं केला. डीलरनं ढीग त्याच्याकडं ढकलला. २२ हजार गेले.

काउंटरवर विचारायला गेलो तर इंग्रजीतला छापील कागद हातात दिला आणि म्हणाले, नियम वाचून बसायचं असतं. कारण कुणी सांगितलं नाही. त्याचा राग मला आजही आहे. नवखा माणूस विचारतोय, तर दोन मिनिटं सांगायला काय जातं?

कारण मी घरी येऊन वहीत मांडलं. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२०, साधे कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पत्त्यांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. इथं कलर निम्म्यानं कमी, म्हणून तो वर.

दोन्ही खेळांचा इतिहासही वेगळा. पोकर वाढला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरच्या बोटींवर, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला. नाव बहुधा फ्रेंच 'पोक' या खेळावरून. तेव्हा फक्त २० पत्ते असत, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चार जण, प्रत्येकी पाच, गड्डी संपली. पुढं ५२ पत्ते आले तेव्हा कलर मोजायला लागले, साधा सिक्वेन्स त्याच्याही मागाहून आला. आपली तीन पत्ती मात्र इंग्रजांच्या 'ब्रॅग' या पत्त्यांच्या खेळाच्या घरातली, तिथं सिक्वेन्स कलरच्या वरच. इराणच्या आस-नास या पत्त्यांच्या खेळापासून पोकर आला असं खूप जण छातीठोक सांगतात. मला ते पटत नाही, पण माझं मत म्हणूनच घे. आज बहुतेक जण खेळतात तो होल्डेम, म्हणजे दोन पत्ते हातात, पाच मधे असा पोकर, टेक्सासचा, आणि १९७० पासून लास वेगासला पोकरची मोठी स्पर्धा भरते.

आणखी दोन जागी तीन पत्तीवाला फसतो. आपल्यात ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल. पोकरात ब्लाइंड म्हणजे ज्याची वाटायची पाळी त्याच्या पुढच्या दोघांनी पत्ते वाटायच्या आधी सक्तीनं टाकायची रक्कम. आणि आपल्याकडं एक्का-दुर्री-तिर्री बहुतेक घरांत दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स, पण पोकरात एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यांत छोटा.

मी वकील नाही, पण मोबाइलवर पैसे लावून खेळू नकोस. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं ते बंद झालंय. आणि महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहेच, तेव्हा मित्रांच्या खोलीतही पैसे काढू नका. आम्ही शनिवारी चिंचोक्यांवर खेळतो, प्रत्येकाला ५० मोजून. बिस्किटाच्या डब्यात ठेवतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हातांची उतरंड चिकटवलीय. त्यात 'कलर' ही ओळ मी लाल पेननं लिहिलीय, सिक्वेन्सच्या वर.