यादी लागेपर्यंत, आणि नाव नसेल तर

एनएमएमएसची, म्हणजे आठवीतल्या मुलांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा झाली, की थोड्याच दिवसांत समुपदेशनासाठी माझ्याकडे पालक येऊ लागतात. प्रश्न जवळजवळ सारखाच असतो. निकालाच्या काळजीनं पोर धड जेवत नाही, झोपत नाही, काय करू? आणि नाव आलं नाही तर दाद कुणाकडे मागायची? दोन्ही प्रश्न एकाच दमात येतात. मला मात्र ते वेगवेगळे हाताळावे लागतात. बेळगाव भागातल्या दोन मुलांबद्दल सांगते. नावं सांगणार नाही, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

पहिली मुलगी खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत आठवीला. वडील, तिचे आप्पा, वीटभट्टीवर कामाला. पोटात दुखतं म्हणून आईनं दोनदा दवाखान्यात नेलं, काही निघालं नाही. शेवटी शाळेतल्या बाईंनी माझ्याकडे पाठवलं. मुलगी रोज पहाटे चारला उठायची, आप्पांच्या उशाखालचा मोबाईल हळूच काढायची आणि गोठ्यामागं जाऊन उभी राहायची, कारण घरात रेंज येत नाही. यादी लागली का बघायचं आणि परत येऊन पडायचं. झोप कसली येतेय मग.

मी तिला विचारलं, "समज, नाव नाही आलं. तर काय होईल?"

ती लगेच म्हणाली, "अठ्ठेचाळीस हजार जातील."

तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा आकडा इतका तयार होता, की मी पेन खाली ठेवलं. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती २००८ पासून आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. देशभरात वर्षाला १ लाख नव्या मुलांना मिळते, नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. हा हिशेब आप्पांनी केला होता, मुलीसमोर बसून, परीक्षेच्याही आधी. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं, बसचा पास, पुस्तकं, आणि उरतील त्यात घरावरचा पत्रा. ते वाईट बाप नव्हेत. आनंदानं, कौतुकानंच बोलत होते. पण त्या संध्याकाळपासून पत्रा मुलीच्या डोक्यावर आला.

पुढच्या वेळी मी आप्पांना बोलावलं आणि तोच हिशेब ४८,००० वगळून करायला सांगितला, तिच्यादेखत. ते चिडले. "असं अशुभ कशाला बोलायचं, बाई? देवावर सोडलंय की आम्ही." अशी चीड मी अनेक घरांत पाहिली आहे. वाईट शक्यता तोंडानं उच्चारली तर ती खरी होईल, ही भीती असते. मी म्हटलं, "तुम्ही नाही बोललात, तरी ती रोज पहाटे चारला एकटी बोलतेच आहे." मग ते बराच वेळ गप्प राहिले. कागद पुढं ओढला. कॉलेज खानापूरचंच, सरकारी. पास आहेच. पुस्तकं कुणाची तरी जुनी. आणि म्हणाले, "शाळा काय सुटत नाही. मी भट्टीवर जातोच आहे."

मुलीनं विचारलं, "आणि पत्रा?"

"पत्रा माझं काम."

त्यानंतर ती रडली. मी थांबवलं नाही.

वाट बघण्याचं काय करायचं, हे त्यानंतरच बोलता आलं. यादी शाळेपर्यंत पोचतेच, पहाटे चारला बघितल्यानं ती आधी लागत नाही. ठरलं असं, की दर शनिवारी हेडमास्तर बघतील आणि तिला सांगतील. मोबाईल रात्री आईकडं. पोटदुखी एकदम गेली नाही, पण आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली. पालकांना मी हे आवर्जून सांगते, कारण काळजी पूर्ण जायलाच हवी असं धरून बसलं, की मूल आणखी खचतं. मात्र मूल दिवसेंदिवस जेवत नसेल, किंवा 'मी नसलेलीच बरी' अशा अर्थाचं काही बोललं असेल, तर यादीपर्यंत थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यादी लागली आणि तिचं नाव होतं. गावात पेढे वाटले. मला वाटलं, आता ही केस संपली.

दोन महिन्यांनी आप्पा पुन्हा दारात. यादीत नाव आलेल्या मुलांना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, तिचा तो अर्ज परत आला होता, नावात तफावत. "मराठी नाव बघितलं आणि फेकलं, बाई. दुसरं काय?" मुलगी त्यांच्या मागं उभी होती आणि जमिनीकडं बघत होती.

या भागात राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्या १९५६ पासूनचं दुखणं आहे ते, आणि 'छे छे, असं काही नसतं' म्हणून मी ते उडवून लावत नाही. तसं म्हणायचा मला अधिकारही नाही. पण नुसती मान डोलावली असती, तर त्या मुलीनं एवढंच ऐकलं असतं, की दोष आपल्या नावातच आहे. म्हणून मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिच्या नावाची सुरुवात 'ज्ञ'नं होते. आपण मराठीत त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, म्हणून आधार कार्डावर इंग्रजीत डी-एन-वाय पडलं. कन्नडमध्ये हेच अक्षर इंग्रजीत जे-एन असं लिहितात. सॅट्समध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत, नाव तसं चढलं होतं. माणसाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही. मुलीनं दोन्ही स्पेलिंगांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे मी चुकले नाही?" हा प्रश्न तिच्या पोटात किती दिवस होता कोण जाणे.

इथं एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी, कारण घाबरून लोक नेमकी तिथंच हातपाय गाळतात. पोर्टलवर 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत आलेला अर्ज आणि 'रिजेक्ट' झालेला अर्ज, हे एक नव्हे. पहिला दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवता येतो. मग शाळा तो पुन्हा तपासते, त्यावर जिल्ह्याची तपासणी होते. तिच्या हातात सहा दिवस होते. हेडमास्तरांनी आधार आणि जन्मदाखला जोडून शाळेच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करायला घेतलं. सोबत शिक्षण खात्याच्या तालुका कचेरीत एक अर्ज द्यायचा होता.

आप्पा म्हणाले, अर्ज मराठीतच देणार. मी सांगितलं, खुशाल द्या. घटनेचं ३५०वं कलम आहे, तक्रार-निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. पण दिवस सहाच आहेत, तेव्हा सोबत कन्नड प्रतही जोडू. आता कन्नड लिहिणार कोण? आप्पांना वाचता येत नाही. मुलगी म्हणाली, "मी लिहिते की. शाळेत शिकतो आम्ही." तिनं माझ्यासमोर बसून दोन्ही अर्ज लिहिले. कन्नड अर्ज आप्पांना एकेक ओळ वाचून मराठीत सांगितला, दोनदा. इतक्या महिन्यांत तिचा आवाज एवढा मोठा मी ऐकलाच नव्हता.

अर्ज मंजूर झाला. बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून पैसे यायला आणखी वेळ गेला. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज असतो, आणि अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायची तर दहावीत ६० टक्के लागतात. तो अर्ज आता ती स्वतःच भरते.

दुसरा मुलगा निपाणीकडचा. त्याच्याबद्दल सांगणं मला जड जातं.

वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. परीक्षेत बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९०, असे १८० गुण. खुल्या गटात पात्र ठरायला दोन्ही मिळून ४० टक्के, म्हणजे ७२ लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के. याला १०१ होते आणि यादीत नाव नव्हतं. वडिलांचं म्हणणं सरळ होतं, "पास आहे, मग नाव कुठाय?" पात्र होणं आणि निवड होणं यातला फरक मी समजावला. जागा ठरलेल्या असतात, गुणवत्तेनुसार वरून त्या भरत येतात, आपल्यापर्यंत पोचण्याआधी संपू शकतात. त्यांना ते पटलं नाही. उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायची मुदत संपली होती. तेव्हा माहिती अधिकाराचा रस्ता मीच सुचवला. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा परीक्षार्थीला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं आहे. अर्ज लिहायला मी मदत केली. सगळं नियमानं.

पण मुलाला मी विचारलंच नव्हतं.

त्याचं पहिलं वाट बघणं नुकतं संपलं होतं. रडून झालं होतं, मैदानात पुन्हा कबड्डीला उभा राहू लागला होता. आता वखारीत, गल्लीत, शाळेत जो तो विचारू लागला, "अपिलाचं काय झालं रे?" त्यानं मैदान सोडलं. उत्तरपत्रिकेची प्रत आली, वडिलांनी उत्तरसूचीशी एकेक गोल ताडून पाहिला, गुण तेवढेच भरले. वडील त्या दिवसानंतर शांत झाले. कागद त्यांना हवा होता, त्यांना तो मिळाला. मुलाच्या वाट्याला तोच निकाल दुसऱ्यांदा आला.

दाद मागूच नये, असं मी म्हणत नाही. मोजणीत चूक निघू शकते, आणि ती निघाली तर मुलाचं भलं होतं. पण आता मी आधी मुलाला एकट्याला बसवून विचारते, हे तुला हवंय का. हो म्हणालं, तर मुदत बघून लगेच हालचाल करायची, आणि कुठल्या कागदानंतर थांबायचं हेही त्याच दिवशी ठरवायचं. नाही म्हणालं, तर वडिलांच्या रागाशी मला वेगळं बोलावं लागतं. त्याला वेळ लागतो. त्या वेळी मी तो दिला नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. मैदानात परत जायला त्याला वर्ष लागलं. उत्तरपत्रिकेचं पाकीट वडिलांनी कपाटात, रेशनकार्डाच्या खाली ठेवलं आहे. त्यानं ते अजून पाहिलेलं नाही, आणि मीही त्याला पाहा म्हणत नाही.