पासवर्ड बदलला तरी बाबांचे मेल गायब होतात, त्याबद्दल

ताई, तुमची अडचण दोनदा वाचली. बाबा ७२ वर्षांचे, राहायला मिरजेत. गेल्या आठवड्यात त्यांच्या जीमेलवरून सगळ्या नातेवाइकांना 'दवाखान्यात आहे, ताबडतोब पंचवीस हजार पाठवा' असा मेल गेला. तुम्ही जर्मनीतून फोनवर सांगून त्यांच्याकडून पासवर्ड बदलून घेतलात. तरीही बँकेचं स्टेटमेंट येईना, आणि आतेभावानं त्या मेलला दिलेलं उत्तर बाबांपर्यंत पोचलंच नाही. त्यातच संध्याकाळी घरचं वायफाय रखडतं, म्हणून आईंना वाटतंय की कुणीतरी घरच्या नेटमध्येच शिरलंय आणि कनेक्शनच काढून टाकावं.

कनेक्शन काढू नका. वायफायचा आणि मेलचा बहुधा काही संबंध नाही, त्याचं पुढे लिहिते. आधी मेल, कारण बँक, विमा, डीमॅट, प्राप्तिकराचं खातं, रेल्वेचं तिकीट यांतल्या बऱ्याच ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं की नवी किल्ली बनवायचा दुवा किंवा कोड मेलवर येऊ शकतो. ज्याच्या हातात मेल, त्याच्या हातात घरच्या किल्ल्यांचा जुडगा.

मी सांगलीत ज्येष्ठ मंडळींना बरीच वर्षं फोन-संगणक शिकवते, आणि तुमच्या बाबांसारखंच माझ्या मावशीच्या बाबतीत २०१९ साली झालं होतं. मी पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉग-आउट केलं आणि काम झालं म्हणून घरी आले. तीन आठवड्यांनी मावशी म्हणाली, मुदत ठेवीचं पत्र मेलवर येणार होतं, ते आलंच नाही. तेव्हा कुठे सेटिंग्ज उघडून पाहिल्या. चोरानं एक नियम लावून ठेवला होता: ज्या मेलमध्ये 'बँक' हा शब्द असेल तो परस्पर कचऱ्यात. पासवर्ड बदलल्यानं तो नियम जात नाही, कारण नियम खात्यात बसलेला असतो, चोर बाहेर गेला तरी तो काम करत राहतो. तुमच्याकडे हेच झालं असावं असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं.

हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण हे नियम मोबाइलवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये दिसतच नाहीत. संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडावं लागतं. तुम्ही स्वतः जर्मनीतून बाबांच्या खात्यात शिरू नका. नव्या देशातून, नव्या यंत्रावरून कुणी आलं की गुगलला संशय येतो आणि खातं आणखी अडकतं. बाबांना त्यांच्याच संगणकावर, घरच्याच नेटवर बसवा आणि व्हिडिओ कॉलवर त्यांची स्क्रीन तुम्हाला दाखवायला सांगा. एनीडेस्कसारखं दुसऱ्याचं यंत्र चालवणारं अ‍ॅप मात्र त्यांना घालून देऊ नका. एकदा ते सवयीचं झालं की उद्या 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही त्यातला आकडा ते बिनदिक्कत वाचून दाखवतील.

वर उजवीकडे दात्यांचं चाक दिसेल, त्यात 'सी ऑल सेटिंग्ज'. तिथे 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस' या पानावर बाबांनी न लावलेला कोणताही नियम दिसला तर तो चोराचा. बाबांनी उभ्या जन्मात फिल्टर लावला नसेल, तेव्हा हे ओळखणं सोपं आहे. 'फॉरवर्डिंग'च्या पानावर कुणाचा अनोळखी पत्ता आहे का पाहा. असेल तर येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जातेय. 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट'मध्ये दोन गोष्टी बघा. एक, खातं वापरायची परवानगी दुसऱ्या कुणाला दिलेली आहे का. दुसरी, 'सेंड मेल अ‍ॅज' समोर 'एडिट' दाबल्यावर दिसणारा 'रिप्लाय-टू' पत्ता. आतेभावाचं उत्तर गेलं कुठे, याचं उत्तर मला तिथे दिसतं. चोर बाबांच्या पत्त्यासारखाच, एखादं अक्षर कमीजास्त असलेला पत्ता काढून तिथे घालून ठेवतात. आतेभाऊ 'रिप्लाय' दाबतो, नाव बाबांचंच दिसतं, आणि उत्तर जातं चोराच्या पेटीत. आतेभावाला त्याच्या 'सेंट'मधलं ते उत्तर उघडून पत्ता अक्षर-अक्षर वाचायला सांगा. आणि ज्यांनी ज्यांनी उत्तरं दिली, त्यांना आज फोन करा, मेल नको. त्यांच्याशी चोराचं बोलणं अजून चालू असू शकतं.

मग गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर जा. अनोळखी फोन-संगणक दिसले तर काढून टाका. बाहेरच्या ज्या अ‍ॅपना खात्याची परवानगी दिलेली असते तीही तिथेच तपासा, कारण पासवर्ड बदलला तरी त्यातल्या काहींची परवानगी तशीच राहते. आणि तिथला रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायचा फोन नंबर व दुसरा मेल पत्ता नीट बघा. आपल्याकडे हे फार होतं: वडीलधाऱ्यांना पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानंच खातं काढून दिलेलं असतं, आणि रिकव्हरीला नंबर त्याचा स्वतःचा किंवा कधीच बंद पडलेला. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देते. म्हणजे खात्याची दुसरी किल्ली अनोळखी माणसाकडे. तिथे बाबांचा चालू नंबर आणि तुमचा मेल पत्ता घाला.

हे सगळं झालं की दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरही खात्री मागणारी) चालू करा. त्याच पानावर गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. बाबांचा फोन हरवला, सिम बंद पडलं, तर तोच कागद उपयोगी पडतो. नाहीतर तुम्ही तिकडे आणि ओटीपी इकडे, अशी अवस्था होते.

घाई एका कारणासाठी करायची. कचऱ्यात गेलेला मेल तिथे ३० दिवसच राहतो, मग कायमचा जातो. 'बिन' आणि 'स्पॅम' दोन्ही उघडून बँकेचे मेल परत इनबॉक्समध्ये आणा. चोरानं पत्त्यांची यादी पुसली असेल, म्हणजे बाबांना लोकांना सावध करता येऊ नये म्हणून, तर गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'अनडू चेंजेस' आहे, त्यानं गेल्या ३० दिवसांतली जुनी यादी परत येते. त्या ३० दिवसांतला रोज एक दिवस कमी होतोय.

नियम एकही नसेल आणि तरी मेल येत नसतील, तर जागा भरली आहे का पाहा. गुगलची फुकटची १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, आणि १ जून २०२१ पासून फोनवरून गुगल फोटोमध्ये साठणारे फोटोही त्यात मोजले जातात. नातवंडांचे व्हिडिओ साठत जातात, जागा संपते आणि नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. शोधाच्या चौकटीतल्या खुणेवर दाबून '१० एमबीपेक्षा मोठे' असं शोधा, मोठ्या जोडपत्रांचे जुने मेल पुसा आणि मग बिनही रिकामं करा, कारण बिनमधलंही जागेत धरलं जातं.

पासवर्डबद्दल बाबा विचारतील, दर महिन्याला बदलू का? नको. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनंही २०१७ साली सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नये, लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहायला सांगा, 'उखळ टमटम जायफळ मिरवणूक' या धर्तीचे (हेच नकोत). नाव, जन्मसाल, कुलदैवत, गाडीचा नंबर यातलं काहीही नको. आणि वहीत लिहून कपाटात ठेवलं तर मला त्यात काही गैर वाटत नाही. मेल चोरणारा हजार मैलांवर बसलेला असतो, तो मिरजेतलं कपाट उघडत नाही. फक्त मेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही साइटला वापरायचा नाही, हे कटाक्षानं पाळायला सांगा.

चोर शिरला कसा, हे शोधायला बाबांशी शांतपणे बोलावं लागेल. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत 'तुमची जागा भरली, मेल बंद होणार' असा मेल आलेला असतो, त्यातल्या बटणावरून उघडलेल्या पानावर माणूस पासवर्ड लिहितो. नाव गुगलचं दिसतं, पण नाव कुणीही काहीही लिहू शकतो. नावावर दाबून मागचा पूर्ण पत्ता बघायची सवय लावा. बँकांसाठी आता एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं. मात्र ते शब्द पत्त्याच्या शेवटी, पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी हवेत. मध्येच 'बँक डॉट इन' आणि पुढे 'डॉट अमुक डॉट कॉम' असेल तर ते बनावट.

फोनही तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, बँकेची केवायसी अशा नावानं एपीके फाइल (म्हणजे फोनवर थेट अ‍ॅप बसवणारी फाइल) येते. ती बसवली की फोनवरचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याला दिसू लागतात. बाबांनी अशी फाइल उघडली असेल, तर वर लिहिलेलं सगळं त्या फोनवरून करू नका. फोन आधी नेटपासून तोडून साफ करून घ्या, नाहीतर नवा पासवर्डही तिकडे पोचेल.

आणि बाबांना रागावू नका. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. आमच्या गटातल्या एका काकांचे पैसे गेले आणि मुलगा ओरडेल या भीतीनं त्यांनी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडकवता येण्याची शक्यता असते. चार दिवसांत ते पाच-सहा खाती फिरून गेले होते. कुणी नातेवाइकानं खरंच पैसे पाठवले असतील तर त्यांनी १९३० ला फोन, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार आणि स्वतःच्या बँकेला लेखी कळवणं, तिन्ही आजच करावं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी कळवायचंच.

आता आईंचं वायफाय. संध्याकाळी आठला लॅपटॉप तारेनं थेट राउटरला जोडून वेग मोजा. तारेवरही कमी असेल तर दुखणं लाइनचं, कंपनीला सांगा. तारेवर ठीक आणि आतल्या खोलीत नाही, तर ते भिंतींचं. तुमच्याकडे जुनं दगडी घर असेल तर ५ गिगाहर्ट्झची लहर त्या जाड भिंतीतून नीट जात नाही; आतल्या खोलीत २.४ वर जोडा आणि राउटर टीव्हीच्या कपाटातून काढून मधल्या खोलीत उंचावर ठेवा. राउटरवरचा 'लॉस'चा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटलंय किंवा वाकलंय, घरात काही करून उपयोग नाही. त्या वेळी टाचणीनं मागचं रिसेटचं भोक दाबू नका. कंपनीनं भरलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि लाइन आली तरी नेट येत नाही. शेजारच्या मुलानं 'रिसेट मारून बघतो' म्हटलं तर आईंना हात धरायला सांगा.

घुसखोरीची भीती अगदीच निराधार नाही. जोडणीला आलेला माणूस बहुतेक घरांत मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड ठेवून जातो, आणि राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं असे साठेक नेहमीचे पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. दोन्ही पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न घालता बटणानं जोडायची सोय) बंद करा, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण मेलनंतर.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर बाबांबरोबर बसाल तेव्हा फिल्टरचं पान, फॉरवर्डिंगचा पत्ता आणि रिप्लाय-टू यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, मग पुसा. तक्रारीला जोडायला तेवढाच पुरावा हातात राहतो. काय सापडलं ते कळवा, तक्रारीचा मजकूर लिहायला मी मदत करेन.