कोकणातल्या आमच्या शाळेमागे वहाळ आहे, त्यावर वीज करता येईल का?

हो, येईल, पण वहाळ बारमाही नसेल तर फक्त पावसाळा आणि पुढचे दोनतीन महिने. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर उंचीवरून पाइपातून आणलं, तर निम्मी ताकद वाया गेली धरूनही जवळजवळ १ किलोवॅट मिळते; वर्गांचे दिवे, पंखे आणि एखादा संगणक त्यावर चालतो. २०० लिटरचं पिंप २० सेकंदांत भरलं की सेकंदाला १० लिटर धरा. उंची गवंड्याच्या लेव्हल पाइपने मोजा. मात्र श्रावणातलं पाणी बघून टर्बाइन (पाण्याच्या जोराने फिरणारं, वीज करायचं चाक) घेऊ नका, माप जानेवारीतही घ्या. आणि पाइपाच्या तोंडाची जाळी रोज साफ करणारं माणूस आधी ठरवा. आमच्याकडे फणसाचा पाचोळा एका रात्रीत ती बुजवायचा.